एका फियाटचा कार्ब्युरेटर आणि मिस्त्रींचा न लिहिलेला इतिहास

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. ती मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरातली पद्मिनी टॅक्सी इतिहासजमा झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले. सिनेमातल्या टॅक्सी आल्या, मीटर आले, मागच्या काचेवरची नक्षी आली. या गाड्या इतकी वर्षे रस्त्यावर कुणी ठेवल्या, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. त्या बनवणारा कारखाना बंद पडून वीसहून अधिक वर्षे झाली होती. सुटे भाग कंपनीकडून येत नव्हते. तरीही त्या रोज सकाळी सुरू होत होत्या.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावात. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेले हे मच्छीमारांचे गाव. खाडीच्या एका तीरावर मुरबे, दुसऱ्या तीरावर सातपाटी. इथल्या माझ्या एका मित्राच्या वाडीत १९७१ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. त्याच्या वडिलांनी ती जुनी विकत घेतली होती. वडील गेल्यावर ती काही वर्षे झापांच्या शेडखाली पडून होती. आता मित्राला ती पुन्हा चालवायची आहे. इंजिन फिरते, ब्रेक नवे झाले, वायरिंग झाले. अडले ते कार्ब्युरेटरपाशी. जुना पूर्ण गेला होता आणि त्या जागी कोणता बसवायचा यावर चार माणसांची पाच मते होती.

त्या शोधात मी सुमारे दोन महिने त्याच्यासोबत फिरलो. विषय एका सुट्या भागाचा होता, पण जिथे जिथे गेलो तिथे इतिहासच भेटत गेला. या लेखात तोच मांडायचा आहे.

बगदाद, बोलोन्या आणि मधले बरेच काही

कार्ब्युरेटरचे काम सांगायला सोपे आहे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ किंवा बारीक फवारा हवेत मिसळावा लागतो. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. इंजिन थंड असो वा गरम, गाडी चढावर असो वा सिग्नलला उभी, हे प्रमाण गरजेप्रमाणे सांभाळायचे आणि तेही विजेशिवाय, संगणकाशिवाय. हातात मावणाऱ्या एका धातूच्या ठोकळ्याला हे करावे लागते.

त्यासाठी दोन युक्त्या वापरल्या जातात. पहिली फ्लोटची. कार्ब्युरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते, तिच्यात पोकळ तरंगता गोळा असतो. पेट्रोल वाढले की गोळा वर येतो आणि सुईसारखी निडल येणारी वाट बंद करते. पेट्रोल कमी झाले की गोळा खाली जातो, वाट उघडते. घरातल्या पाण्याच्या टाकीत हेच घडते. दुसरी युक्ती घशाची. हवेची नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या कमी दाबामुळे वाटीतले पेट्रोल जेटमधून ओढले जाऊन फवाऱ्यासारखे बाहेर पडते.

दुसरी युक्ती युरोपची. डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्ये वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचे नाते मांडले, इटलीच्या जिओव्हान्नी बातिस्ता व्हेंच्युरीने १७९७ मध्ये अरुंद नळीतल्या प्रवाहाचे प्रयोग प्रसिद्ध केले. म्हणूनच कार्ब्युरेटरच्या त्या घशाला आजही ‘व्हेंच्युरी’ म्हणतात. पहिली युक्ती मात्र फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात पातळी स्थिर ठेवण्यासाठी तरंगता गोळा वापरला. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये मुहंमद, अहमद आणि हसन या तीन भावांनी, म्हणजे बनू मूसा बंधूंनी, आपल्या ‘किताब अल-हियल’मध्ये शंकूच्या आकाराच्या झडपा आणि फ्लोट वापरणाऱ्या अनेक उपकरणांची वर्णने केली. १२०६च्या सुमारास दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरीने आपल्या जलघड्याळांत हीच झडप बसवली.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘सगळे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले’ ही बढाई सध्या सर्व समाजांत जोरात आहे. बनू मूसांनी कार्ब्युरेटर शोधला नाही, जझरीनेही नाही. त्यांनी ग्रीकांचे ज्ञान घेतले, त्यात भर घातली आणि ते पुढे दिले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो वेगळ्या कारणाने. जझरी केवळ कल्पना मांडून थांबत नाही. पत्रा कसा कापायचा, झडप जागेवर कशी घासून बसवायची, हे तो लिहून ठेवतो. कारागिराच्या हाताला त्याने ग्रंथात जागा दिली. हा मुद्दा लेखाच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पुढची कथा वेगवान आहे. कार्ल बेंझच्या १८८६च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळवली जाई. १८९३च्या आसपास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी जेटमधून फवारा मारणारे कार्ब्युरेटर आणले. विसाव्या शतकात फ्रान्सची सोलेक्स आणि १९२३ मध्ये बोलोन्यात एडुआर्डो वेबरने सुरू केलेली वेबर ही या क्षेत्रातली मोठी नावे झाली. यातले सोलेक्स हे नाव आपल्या फियाटशी जोडले गेले.

कुर्ल्याची गाडी, मद्रासचा कार्ब्युरेटर

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घातला. १९१९ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि १९४४ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली.

त्या वेळी दिल्लीत एक निर्णय झाला, ज्याचा परिणाम मुरबेच्या या वाडीपर्यंत पोहोचला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना टप्प्याटप्प्याने गाडीचे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच भारतात राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी निघावे. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर, हिंदुस्तान मोटर्स असे मोजके उद्योग उरले. त्यांना भाग देशातच बनवायचे होते, म्हणून देशभर सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. मद्रासची कार्ब्युरेटर्स लिमिटेड त्यातलीच. तिथे सोलेक्स पद्धतीचे कार्ब्युरेटर बनत आणि कुर्ल्याला येत.

लायसन्स राजची निंदा आपण खूप ऐकली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, दर्जा सुधारत नसे. पण या बंद बाजाराचा एक परिणाम क्वचित सांगितला जातो. १९६४ला आलेली ११०० डिलाइट, नंतरची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी ही मुळात एकच गाडी होती. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिनही तेच. २०००च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत पेट्रोल गाडीचा गाभा फारसा बदलला नाही. एकच यंत्र पस्तीस-छत्तीस वर्षे टिकले, तर ते दुरुस्त करणाऱ्याचे ज्ञानही तितकी वर्षे उपयोगी पडते. बाप जे शिकला ते मुलाला शिकवू शकतो. मुंबईतल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या याच इंजिनावर वाढल्या.

पद्मिनी या नावाचीही एक गंमत आहे. ज्या चितोडच्या राणीवरून ते आले असे सांगतात, तिची कथा घरोघर पोहोचवली ती ‘पद्मावत’ने. ते काव्य मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीने १५४० मध्ये अवधीत रचले. वालचंदांचा कारखाना, इटलीचे इंजिन, फ्रेंच पद्धतीचा मद्रासी कार्ब्युरेटर, सूफी काव्यातून लोकप्रिय झालेले नाव आणि बोनेटखाली डोके घातलेला मुसलमान मिस्त्री. ‘स्वदेशी’ या शब्दात प्रत्यक्षात किती जणांचा वाटा असतो, हे या एका गाडीत दिसते.

खाऱ्या हवेचा मार

मुरबेच्या फियाटला तपासायला बोईसरहून एक मिस्त्री आले. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी कुर्ल्याच्या गॅरेजांत काढली, आता मुलाजवळ राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. गाडी कशीबशी सुरू होती, आयडलला हेलकावे खात होती. चाचांनी ना मीटर लावला ना काही उघडले. तेलाच्या कुपीतून कार्ब्युरेटरच्या बाजूला, थ्रॉटलचा दांडा बाहेर येतो तिथे, इंजिन ऑइलचे चार थेंब सोडले. इंजिन क्षणात शांत चालू लागले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हेलकावे सुरू झाले.

“बघितलं? इथून हवा खातोय,” चाचा म्हणाले. “दांडा झिजला, भोक अंडाकार झालं. तेलानं फट बुजली, तेवढा वेळ चांगला चालला. आता तुम्ही स्क्रू कितीही फिरवा, सेटिंग बसणार नाही.”

मग त्यांनी वरचे झाकण उघडले. वाटीत पांढरी भुकटी जमली होती. कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हा धातू खातो आणि पांढरा होतो. भुकटी जेटमध्ये अडकते, स्क्रूचे आटे जातात. पुण्यात किंवा सोलापुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे इतके नुकसान झाले नसते. या गाडीचा तळाचा पत्रा मित्राने वेळीच ग्रीस लावून वाचवला होता, कार्ब्युरेटरकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. एका वाहिनीची भिंतच खचली होती. हे अंग पुन्हा उभे राहणार नव्हते.

चार वाटा

पर्याय चार होते आणि प्रत्येकामागे एकेक काळ उभा होता.

पहिला, अॅम्बेसेडरचा. सहज सुचणारा, कारण दोन्ही गाड्या एकाच जमान्यातल्या. पण तो १४८९ सीसीच्या इंजिनासाठी बांधलेला. इथे ‘मोठा तो चांगला’ हा हिशेब चालत नाही. घसा इंजिनाच्या मानाने रुंद असेल तर कमी वेगात हवा त्यातून रेंगाळत जाते, दाब पुरेसा घटत नाही आणि पेट्रोल फवाऱ्याऐवजी थेंबांनी पडते. गाडी धूर सोडते, प्लग काळे होतात, पेट्रोल जास्त लागते. घसा फार अरुंद असेल तर उलटे होते. खाली छान चालते, पण वेग वाढला की इंजिनाला हवा पुरत नाही.

दुसरा, परदेशातून मागवण्याचा. वेबरच्या ३२/३६ या दोन घशांच्या कार्ब्युरेटरचे नाव जगभरच्या जुन्या गाड्यांचे शौकीन घेतात, त्याच्या नकलाही मिळतात. पण तो मुख्यत: मोठ्या इंजिनांसाठी वापरला जातो. ११०० सीसीला बसवायचा तर घसे आणि जेट बदलत बसावे लागेल, एअर क्लीनर बदलावा लागेल. शिवाय मॅनिफोल्डवरची त्याची बैठकच वेगळी.

तिसरा, मारुतीचा. ज्या चार-पाच गॅरेजांत आम्ही गेलो, त्यातल्या बहुतेकांनी हाच सुचवला. “मारुतीचा टाका, अॅव्हरेज वाढेल, विषय संपला.” यामागेही इतिहास आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली आणि बंद बाजाराची भिंत प्रथमच हलली. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनावर जपानी पद्धतीचा दोन घशांचा कार्ब्युरेटर होता. साध्या चालीत छोटा घसा काम करतो, जोर हवा असेल तेव्हा दुसरा उघडतो. पेट्रोल वाचते ते यामुळे. मद्रासच्या त्याच कार्ब्युरेटर्स लिमिटेडने १९८०च्या दशकात जपानच्या मिकुनीबरोबर युकाल ही कंपनी काढली आणि मारुतीसाठी कार्ब्युरेटर बनवले. मिकुनीनेही एकेकाळी सोलेक्सच्याच परवान्यावर कार्ब्युरेटर बनवले होते. म्हणजे फियाटचा सोलेक्स आणि मारुतीचा मिकुनी हे तसे एकाच घराण्यातले. एक फ्रान्सहून थेट मद्रासला आला, दुसरा जपानमार्गे.

पण नातेवाईक असला तरी मारुतीचा भाग फियाटवर थेट बसत नाही. खालच्या बोल्टांतले अंतर जुळत नाही, म्हणून मध्ये अॅल्युमिनियमची प्लेट बनवावी लागते. अॅक्सिलरेटरची तार वेगळ्या बाजूने येते. व्हॅक्युमच्या ज्या नळ्या मारुतीत कुठे ना कुठे जोडलेल्या असतात, त्या इथे बुजवाव्या लागतात. आयडलचे पेट्रोल रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह असेल तर त्याला तार द्यावी लागते. शिवाय जेट ७९६ सीसीच्या मापाचे. इंजिन १०८९ सीसीचे आहे हे विसरून तसाच बसवला तर चढावर दम लागतो. चाचा याच्या विरोधात नव्हते. “मी स्वत: कितीतरी बसवलेत. टॅक्सीवाल्याला दिवसाला लिटरभर वाचलं तरी घर चालायचं. तिथं तो बरोबर होता,” ते म्हणाले. मग मित्राकडे वळून त्यांनी विचारले, “तुला गाडी कशासाठी पाहिजे, ते आधी सांग.”

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. योग्य सुटा भाग कोणता, याचे उत्तर भागात नसते, वापरात असते.

चौथा पर्याय म्हणजे तसाच सोलेक्स शोधायचा. नवा मिळण्याची शक्यता जवळपास नाही. उरतो जुना बाजार. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसची सुट्या भागांची दुकाने आणि मुंबईचा चोर बाजार. पद्मिनी टॅक्सी भंगारात गेल्या तेव्हा त्यांचे कार्ब्युरेटरही बाजारात आले. त्यात एक मेख आहे. या टॅक्सी नंतरच्या काळात सीएनजीवर चालत होत्या. गॅस कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसवलेल्या मिक्सरमधून जाई, त्यामुळे थ्रॉटल रोज हजारदा उघडमीट होऊन झिजलेला, तर पेट्रोलच्या वाहिन्या कोरड्या पडून चिकटलेल्या. वरून धुऊन चकचकीत केलेला माल आतून बाद असू शकतो.

कागदाचा पेच

मित्राचा निर्णय आणखी अवघड झाला तो कायद्यामुळे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी त्यात बसते. नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

१९७१ची फियाट वयाने पात्र आहे. पण मित्राला तिच्यातून आईला बोईसरच्या बाजारात न्यायचे आहे, सणाला पालघरला जायचे आहे. व्हिंटेज नोंदणी घेतली तर गाडी जपली जाईल, पण घरातून उठून प्रदर्शनात जाईल. न घेता नेहमीची नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी फिटनेसच्या परीक्षेला बसायचे. मारुतीचा कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात ‘मोठा बदल’ ठरेल का, हे उद्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून. म्हणून पुढचा दरवाजा बंद होऊ नये यासाठी मूळ बनावटीचाच कार्ब्युरेटर बसवायचे ठरले.

दुसरा पेच इंधनाचा. २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठल्याचे सरकारने जाहीर केले. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे, आयात तेल वाचते, हे खरे. पण १९७१च्या गाडीला कुणी विचारलेले नाही. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि कडक करते, म्हणून पंपाचा डायफ्राम, नळ्या, पॅकिंग बदलावे लागते. ते हवेतले पाणी शोषते. समुद्रकाठी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकते आणि जस्ताचे अंग पुन्हा खायला लागते. आणि इथेनॉलमध्ये स्वत:चा ऑक्सिजन असल्याने मिश्रणाचे प्रमाणच बदलते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे त्याच हवेत सुमारे आठ-नऊ टक्के इंधन जास्त सोडावे लागते.

आधुनिक गाडीतला संगणक हे स्वत: जुळवून घेतो. कार्ब्युरेटरला ते माणसाने शिकवावे लागते. सोलेक्सच्या जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. भोकाचे क्षेत्रफळ नऊ टक्के वाढवायचे तर व्यास साडेचार टक्के वाढतो, म्हणजे १२०च्या जागी १२५. हा हिशेब मी कागदावर मांडला. चाचांनी कागद न बघता डब्यातून जेट काढले आणि म्हणाले, “एकशेपंचवीस लावून बघू. मग प्लगचा रंग सांगेल.” प्लगचे टोक तांबूस करडे आले तर मिश्रण बरोबर, पांढरे पडले तर पेट्रोल कमी, काळे झाले तर जास्त. माझ्या भागाकाराला जे उत्तर मिळाले तेच त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

कार्ब्युरेटर कसा जमला

शेवटी दोन भंगार सोलेक्स घेतले. एकाचे अंग चांगले होते, दांडा झिजलेला. दुसऱ्याचे अंग फुटलेले, पण आतली व्हेंच्युरी, फ्लोट आणि झाकण उत्तम. घेताना चाचांनी बैठक काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिली. जुन्या काळी बोल्ट जास्त आवळल्याने बैठकीचे कान वाकतात आणि तिथून हवा शिरते. किंचित वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तासभर आठाच्या आकड्यासारखी घासून ती सपाट केली. थ्रॉटलच्या दांड्यासाठी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. तारापूर एमआयडीसीच्या परिसरात छोटे लेथ अनेक, पण बहुतेकांना पंप आणि व्हॉल्व्हच्या कामाची सवय. त्याने भोक मोठे करून पितळेचे बुश बसवले, दांडा नवा फिरवला. वाहिन्या तारेने उकरायच्या नाहीत, भोक मोठे होते, हे चाचांनी त्याच्या पोराला दोनदा बजावले. साफ करायच्या त्या फक्त द्रवाने आणि हवेच्या झोताने.

तीन दिवस सेटिंगला गेले. आता गाडी चावी लावताच सुरू होते. चोक ओढावा लागतो आणि मुरबे ते बोईसर रस्त्यावर ती पूर्वीसारखीच धीम्या सुरात चालते.

हे ज्ञान कुणाचे?

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामगार कोणत्या धंद्यांत एकवटले आहेत ते दाखवले. स्वयंरोजगार, किरकोळ व्यापार, वाहतूक आणि वाहनदुरुस्ती ही त्यातली ठळक क्षेत्रे. अहवालाची चर्चा झाली ती मागासलेपणाचा पुरावा म्हणून आणि ती योग्यच होती. शाळा सुटते, नोकरी मिळत नाही, मग पोरगा दहाव्या-बाराव्या वर्षी गॅरेजमध्ये पाना धुवायला लागतो. त्या बालपणाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण त्याच आकड्यांच्या आड एक दुसरी गोष्टही आहे. ज्यांना आपण ‘अकुशल’, ‘अशिक्षित’ या रकान्यात टाकतो, त्यांच्याकडे द्रवगतिशास्त्राचे, धातूचे आणि ज्वलनाचे असे ज्ञान आहे जे अभियांत्रिकीच्या पुस्तकात आहे, पण तिथून बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या हातात नाही.

हे ज्ञान उस्ताद-शागिर्द पद्धतीने चालत आले. तिची ताकद अशी, की शिकणारा कामातून शिकतो. तिचा दोष असा, की काही लिहिले जात नाही आणि उस्ताद गेला की त्याच्यासोबत सगळे जाते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियमांमुळे नव्या दुचाकींवरूनही कार्ब्युरेटर गेला. नव्या पोरांना आता स्कॅनर शिकावा लागतो आणि त्यांनी तो शिकलाच पाहिजे, पोट त्यावर आहे. चाचांचा मुलगा गॅरेजमध्ये नाही, कारखान्यात आहे. त्यांच्याकडे आज एकही शागिर्द नाही.

बनू मूसा आणि जझरी आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्याच काळात बगदादच्या आणि दियारबकरच्या बाजारात झडपा घासून बसवणारे असंख्य हात होते, त्यांचे नाव कुणालाच माहीत नाही. आपल्या समाजात इतिहासाची चर्चा सुरू झाली की ती बादशाह, किल्ले आणि इमारतींभोवती फिरते. आपण अल-जझरीचा फोटो फॉरवर्ड करतो आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला काही विचारत नाही.

ते विचारायला फार काही लागत नाही. मुरबेच्या गाडीचे काम चालू असताना मी एक वही केली. कोणता जेट होता, कोणता लावला, फ्लोटची पातळी किती ठेवली, बुश किती मापाचे, कोणत्या लक्षणाला काय केले, कोणता माल का नाकारला. चाचांचे शब्द जसेच्या तसे उतरवले, कारण ‘हवा खातोय’ला पुस्तकी शब्द शोधायला गेलो तर अर्थ निसटतो. पन्नास पाने झाली. लेथवाल्याच्या पोराने त्यातल्या मापांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले.

तुमच्या गावात, मोहल्ल्यात असा एखादा मिस्त्री असेल. कार्ब्युरेटरचा, घड्याळाचा, शिलाई मशीनचा, हार्मोनियमचा. त्याच्याकडे वही घेऊन बसा. तारीख घाला, मापे घाला, त्याची परवानगी असेल तर त्याचे नावही घाला.